हिरोशी सेन्जूंचे धबधबे, निहोंगा आणि खनिज रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरोशी सेन्जू कोण आहेत?

१९५८ साली तोक्योत जन्मलेले जपानी चित्रकार. तोक्यो कला विद्यापीठात त्यांनी निहोंगा या शैलीचं शिक्षण घेतलं: पदवी १९८२ मध्ये, पदव्युत्तर १९८४ मध्ये, आणि पुढे १९८७ पर्यंत डॉक्टरेटचा अभ्यासक्रम. १९९५ साली व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, जपानच्या दालनात, त्यांचं 'द फॉल' हे धबधब्याचं प्रचंड चित्र लागलं, त्याला मानाचा विशेष उल्लेख मिळाला आणि तिथून ते जगभर माहीत झाले. बरीच वर्षं ते न्यूयॉर्कजवळ राहून काम करतात. व्हायोलिनवादक मारिको सेन्जू ही त्यांची बहीण, संगीतकार आकिरा सेन्जू हा भाऊ. शोधताना एक लक्षात ठेवा: जपानी लिखाणात आडनाव आधी येतं, त्यामुळे 'सेन्जू हिरोशी' असं दिसलं तरी माणूस तोच.

निहोंगा म्हणजे नेमकं काय? शाईने काढतात ती जपानी चित्रं का?

नाही. 'निहोंगा'चा शब्दशः अर्थ 'जपानी चित्र'. हा शब्द जुना वाटतो, पण तो रूढ झाला १८८० च्या दशकात. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) युरोपातून तैलरंग आले, त्यांची चित्रं वेगळी ओळखू यावीत म्हणून जपानी पद्धतीच्या चित्रांसाठी वेगळं नाव हवं झालं. १८८९ मध्ये तोक्योची कलाशाळा सुरू झाली तेव्हा कला-अभ्यासक ओकाकुरा तेन्शिन यांच्या पुढाकाराने हाच विषय तिच्या केंद्रस्थानी होता.

निहोंगा ठरतं ते चित्राच्या विषयावरून नाही, साहित्यावरून. दळलेली खनिजं, शिंपल्यांची पांढरी पूड, काजळीची शाई, सोन्याचांदीचा वर्ख, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा जनावराच्या कातड्याचा सरस, ज्याला जपानीत 'निकावा' म्हणतात. पाठीला कागद, रेशीम किंवा लाकूड. या साहित्यात विमानतळ रंगवला तरी ते निहोंगाच, आणि तैलरंगात चेरीचा बहर काढला तर तो निहोंगा नव्हे. सेन्जूंचं काम समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करावी लागते.

मग त्यांच्या कामात पारंपरिक काय आणि आधुनिक काय?

विषय जुना आहे. नाची धबधब्याचं तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचं उभं चित्र तोक्योच्या नेझू संग्रहालयात आहे. त्यात १३३ मीटरचा तो धबधबाच देव म्हणून काढलेला आहे, दुसरी मूर्ती नाही. १७७२ मध्ये मारुयामा ओक्योने साडेतीन मीटरहून उंच धबधबा रंगवला. होकुसाईने १८३३ च्या सुमारास आठ धबधब्यांची छापचित्रं केली. म्हणजे धबधबा काढणं यात नवं काहीच नाही.

साहित्यही बहुतांशी जुनंच: तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, दळलेले रंग, सरस.

नवं आहे ते हाताळणं. जुना चित्रकार कुंचल्याने पाण्याची रेघ काढायचा. सेन्जू कागद चिकटवलेला फळा उभा करतात आणि वरच्या कडेवरून रंग ओततात. रंग गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, कागदाच्या पोताला अडतो, फाटे फोडतो, पातळ होतो. मग एअरब्रशने फवारून तळाशी तुषार उठवतात. अशा चित्रात पाणी 'दाखवलेलं' नसतं, पाणी ज्या कारणाने पडतं त्याच कारणाने रंग पडलेला असतो. हिरोशी सेन्जू महत्त्वाचे का, याचं उत्तर आमच्या मते एवढंच आहे, आणि या पानावरचं पुढचं बहुतेक सगळं याच मुद्द्याभोवती फिरतं.

जपानी चित्रकलेत बाहेरचं तंत्र आत येणंही नवीन नाही. होकुसाईच्या छापचित्रांतला गडद निळा युरोपात तयार झालेला प्रशियन निळा होता. १९०० च्या आसपास योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो या निहोंगा चित्रकारांनी रेघ काढून टाकून कोरड्या कुंचल्याने धुकट छटा द्यायला सुरुवात केली, तेव्हा टीकाकारांनी त्याला 'मोरोताई', म्हणजे 'धूसर शैली', असं हिणवलं होतं. सेन्जूंच्या धबधब्याखालचं धुकं बघताना त्या दोघांची आठवण ठेवावी.

खनिज रंग म्हणजे काय? त्यांवर ५, ९, १३ असे आकडे का असतात?

हे रंग, जपानीत 'इवा-एनोगु', म्हणजे खरोखरचे दगड. निळ्यासाठी अझुराइट, हिरव्यासाठी मलाकाइट, लालसाठी आपला हिंगूळ. दगड फोडून, दळून, पाण्यात निथळवून कणांच्या आकाराप्रमाणे वेगळे करतात. साधारण ५ ते १३ असे क्रमांक असतात आणि त्याहून बारीक पुडीला 'ब्याकु', म्हणजे 'पांढरं', म्हणतात. आकडा लहान तितका कण मोठा.

गंमत अशी की दगड तोच असला तरी रंग बदलतो. ५ नंबरचं अझुराइट बारीक वाळूसारखं लागतं आणि गर्द निळं दिसतं. १३ नंबरचं पिठासारखं असतं आणि फिकट आभाळी दिसतं. कण जितके बारीक तितके त्यांचे पृष्ठभाग जास्त, पृष्ठभाग जास्त तितका प्रकाश आत न जाता विखुरतो, म्हणून रंग पांढुरका होतो. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर शेजारी ठेवून पाहा.

आणखी एक जुनी युक्ती: अझुराइट तव्यावर भाजलं की निळ्याचं काळपट होत जातं, कारण त्यातल्या तांब्याच्या कार्बोनेटचं ऑक्साइड होतं. आच थांबवू तिथे रंग थांबतो. अशा भाजलेल्या निळ्याची खोल काळी-निळी जमीन, म्हणजे चित्राचा खालचा थर, आणि त्यावर पांढरा, हा निहोंगातला फार जुना मेळ आहे.

नैसर्गिक दगड महाग असतात. त्यामुळे युद्धानंतर जपानमध्ये काचेत धातूंची ऑक्साइडं वितळवून, मग दळून केलेले कृत्रिम खनिज रंगही आले. त्यांचेही क्रमांक असेच असतात. सरावाला ते उत्तम.

आणि तो पांढरा रंग?

'गोफुन'. कालवांच्या शिंपल्या उघड्यावर ऊनपावसात दहा वर्षांहून जास्त काळ टाकून ठेवतात, मग कुटून, दळून, पाण्यात निथळवून फळ्यांवर वाळवतात. रसायनाच्या भाषेत तो कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच भाऊ. पण त्याचा पांढरेपणा मऊ असतो. टायटॅनियम व्हाइटने धबधबा ओतला तर भिंतीवर चुना सांडल्यासारखा दिसतो. गोफुनच्या पातळ थरातून खालची काळी जमीन दिसत राहते, म्हणून पाण्याला खोली येते.

एक गोष्ट नवशिक्यांना हमखास चकवते. गोफुन ओला असताना जवळजवळ पारदर्शक असतो आणि वाळल्यावर पांढरा होतो. ओतताना 'काहीच दिसत नाही' म्हणून माणूस आणखी ओततो, आणि सकाळी पाहतो तर चित्रावर पांढरी भिंत.

घरी सराव करायचा असेल तर कसा करावा?

खालची पद्धत सेन्जूंची नक्कल नव्हे. त्यांचे कागद कित्येक मीटरांचे असतात. पण ओतलेला रंग कसा वागतो ते हाताला कळण्यासाठी ६० × ४५ सेंटिमीटरचा फळा पुरतो.

*सरस.* निकावा मिळाला तर चांगलंच. नाहीतर चित्रकारांसाठीचा दाणेदार सरस घ्यावा. सुतारकामाचा काळपट सरसही चालतो, पण तो पांढऱ्याला पिवळट झाक देतो आणि वासही येतो. १० ग्रॅम सरस १०० मिली थंड पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी तो फुगून पारदर्शक झालेला असतो. मग भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ६० ते ७० अंशांवर विरघळवा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. उकळी येऊ देऊ नका. उकळलेल्या सरसाची पकड जाते आणि चूक वर्षभराने कळते, रंग गळायला लागल्यावर. हे द्रावण फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. बाहेर, मे महिन्यात, दुसऱ्या दिवशीच आंबतं.

*कागद.* ३०० ग्रॅमचा सुती जलरंगाचा कागद प्लायवूडवर ताणून चिकटवा. याला कारखान्यातच साइझिंग, म्हणजे रंग शोषला जाऊ नये म्हणून लेप, केलेलं असतं, म्हणून पुढची पायरी लागत नाही. कच्चा जपानी कागद वापरणार असाल तर आधी 'दोसा' लावावा लागतो: १ लिटर पाणी, १५ ते २० ग्रॅम सरस आणि सुमारे ५ ग्रॅम तुरटी. सरस विरघळल्यावर आच बंद करायची, थोडं निवलं की तुरटीची पूड घालायची. रुंद मऊ कुंचल्याने एकाच दिशेने, न थांबता लावायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. दमट दिवशी हे काम काढू नका. तुरटी कमी पडली तर रंग टिपकागदावर फुटावा तसा फुटतो, जास्त झाली तर कागद आम्लधर्मी होऊन काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो.

*जमीन.* काजळीची शाई किंवा काळा रंग सरसात कालवून तीन-चार पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळला की पुढचा. शेवटच्या हातानंतर दोसाचा एक पातळ हात. हा हात टाळू नका. सरस पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे वरून पांढरा ओतला की खालचा काळा उठतो आणि सगळा धबधबा राखाडी होतो. नुसता सराव करायचा असेल तर जमीन काळ्या ॲक्रिलिकने करा, ती उठत नाही.

*पांढरा.* २० ग्रॅम गोफुन खलात अगदी बारीक घोटा. त्यात कोमट सरस थेंबाथेंबाने घालत कणकेसारखा गोळा होईपर्यंत मळा. गोळा मऊ पण हाताला न चिकटणारा झाला की तो ताटलीत आपटायचा. जपानीत या कृतीचं नावच 'शंभर थापा' आहे. आपटण्याने हवा निघते आणि प्रत्येक कणापर्यंत सरस पोहोचतो. मग गोळा ताटलीत चपटा करून त्यावर गरम पाणी ओता, दोन मिनिटांनी ते पाणी टाकून द्या. उरलेला गोळा थेंब थेंब पाण्याने, बोटाने घोळत दुधाइतका पातळ करा. गोफुन न मिळाल्यास झिंक व्हाइट गवाश (अपारदर्शक जलरंग) घ्या, टायटॅनियम नको.

*ओतणं.* फळा भिंतीला टेकवून जवळजवळ उभा करा, खाली पसरट ट्रे ठेवा. जिथे पाणी पडायला हवं तिथे आधी स्प्रेच्या बाटलीने कागद ओलावून घ्या, कारण रंग ओल्या वाटेने धावतो आणि कोरड्या कडेला थांबतो. आता चोच असलेल्या भांड्यातून वरच्या कडेने रंग सोडा. या आकाराला १०० ते १५० मिली पुष्कळ होतो. हात आडवा हलवण्याचा वेग जितका असमान, तितका धबधबा खरा. सगळीकडे सारखा ओतला की पडदा दिसतो. ओघळ तळाशी पोहोचला की खालच्या कडेला रंगाची जाड माळ साचते, ती ओल्या स्पंजने लगेच टिपून घ्या. तशीच वाळली तर तडकते.

मग थांबा आणि रात्रभर वाळू द्या. दुसरा ओघ द्यायचा की नाही ते सकाळी ठरवा.

*तुषार.* फळा आता आडवा ठेवा. उभ्या फळ्यावर फवारलेलं थेंब होऊन ओघळतं. गोफुन आणखी पातळ करून मलमलीतून दोनदा गाळा आणि ०.५ ते ०.८ मिलिमीटरच्या नोझलच्या एअरब्रशने, ३० ते ४० सेंटिमीटर अंतरावरून, तळाच्या भागावर हलके हात द्या. एका वेळी फार नको. तुषारही वाळल्यावरच दिसतात.

गोफुन फवारताना किंवा दळलेली खनिजं घोटताना तोंडावर चांगला मास्क हवाच. हिंगूळ हा पाऱ्याचा, मलाकाइट आणि अझुराइट तांब्याचे. हे रंग एअरब्रशमध्ये घालू नयेत आणि स्वयंपाकाच्या भांड्यांत कालवू नयेत.

रंग वाळल्यावर बोटाला लागतो, किंवा उलट तडकतो. काय चुकलं?

दोन्ही रोग सरसाचेच.

बोटाला पूड लागत असेल तर सरस पातळ होता, शिळा होता किंवा उकळला होता. जाड दाण्याचे रंग जड असतात, त्यांना सरस थोडा घट्ट लागतो. चित्र हाताशी असेल तर अगदी पातळ कोमट सरस फवारून ते वाचवता येतं. कुंचला फिरवू नका, रंग उठेल.

तडे जात असतील, कडा वळत असतील किंवा पृष्ठभाग चकाकत असेल तर सरस जास्त झाला. सरस वाळताना आकसतो आणि रंगाला ओढतो. यावर उपाय नाही, खरवडून पुन्हा करावं लागतं. नियम असा: खालच्या थरात सरस जास्त, वरच्या थरांत कमी होत जाणारा. उलट झालं की वरचा थर आकसून खालच्याला कागदावरून उपटतो.

एअरब्रश तुंबत असेल तर गाळणं कमी पडलं, किंवा थंडीत सरस नळीतच थिजला. डिसेंबरात पुण्या-नाशकात पहाटे काम करणाऱ्यांना हे होतं. रंगाची वाटी कोमट पाण्यात ठेवा.

पांढऱ्यात बारीक खड्डे दिसत असतील तर थापा कमी पडल्या, हवा राहिली.

सेन्जूंच्या कडे-कपारींच्या चित्रांत कागद चुरगळलेला दिसतो. ते मुद्दाम आहे का?

हो, तेच तिथलं तंत्र आहे. कागद हाताने चुरगळून पुन्हा उलगडतात, मग त्यावर रंग सोडतात. रंग सुरकुत्यांमध्ये उतरतो आणि साचतो, उंचवटे उघडे राहतात. पावसाचं पाणी कड्यावरून उतरताना भेगा शोधतं, अगदी तसं. जवळून पाहिलं तर एका सुरकुतीत वरच्या बाजूला रंग पातळ आणि खालच्या टोकाला, जिथे घडी वळते, तिथे दाट गाठ झालेली दिसते. ती गाठ कुणी रंगवलेली नाही.

करून पाहायचं तर लांब धाग्याचा कागद हवा. छपाईचा कागद सुरकुतीवर फाटतो. चुरगळताना कोरडाच घ्या. रंग वाळल्यावर मागून दुसऱ्या कागदाचं अस्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. आपल्याकडे कुरडयांना काढतात त्या चिकातून ती करता येते: चोथा पूर्ण गाळून टाका, चीक रात्रभर बसू द्या, वरचं पाणी दोन-तीनदा बदला आणि तळाचा पांढरा साका पाण्यात शिजवून खळ करा. पाणी बदललं नाही तर खळीत चिकटा राहतो आणि त्यावर कीड येते.

काही चित्रं अंधारात निळी चमकतात असं ऐकलं. खरं आहे?

'डे फॉल्स / नाइट फॉल्स' या मालिकेतली. त्यांत फ्लुरोसंट रंग वापरलेले आहेत. साध्या उजेडात धबधबा पांढुरका दिसतो, अतिनील दिवा लावला की तोच निळा पेटतो. इथे जुनी प्रतिमा पूर्णपणे आजच्या रसायनावर उभी आहे, आणि निहोंगाच्या कर्मठ व्याख्येत हे बसत नाही. तरी रंग ओतण्याचं, पडू देण्याचं तत्त्व तेच आहे, त्यामुळे ही मालिका त्यांच्या इतर कामापासून तुटलेली वाटत नाही.

फ्लुरोसंट रंग वापरून पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: हे रंग प्रकाशाने फिके पडतात आणि त्यांना चमकवणारा अतिनील प्रकाशच त्यांना संपवतो. अझुराइट शतकानुशतकं टिकतं, हे नाही. दिवा पाहण्यापुरताच लावावा.

समकालीन जपानी चित्रकार ताकाशी मुराकामींनीही निहोंगाच शिकलं ना? मग दोघांत फरक काय?

दोघंही एकाच विद्यापीठाचे. मुराकामींनी तिथे १९९३ मध्ये निहोंगात डॉक्टरेट केली. त्यांनी जुन्या जपानी चित्रांचा सपाटपणा आणि अलंकरण उचललं आणि ते ॲनिमे, सिल्कस्क्रीन, ॲक्रिलिक यांच्याशी जोडलं. साहित्य सोडलं, दृष्टी ठेवली. सेन्जूंनी साहित्य धरून ठेवलं. कोण जास्त 'जपानी' हा वाद निरर्थक आहे, पण रंग वस्तू म्हणून कसा वागतो याची ओढ असेल तर आधी सेन्जू पाहावेत.

भारताशी, विशेषतः महाराष्ट्राशी, या परंपरेचा काही धागा आहे का?

आहे, आणि तो पक्का आहे. 'धूसर शैली'वाले ताइकान आणि शुन्सो १९०३ मध्ये कोलकात्यात आले होते, टागोर कुटुंबाच्या सहवासात राहिले. त्यानंतर अराई कान्पो हे निहोंगा चित्रकार कोलकात्याला शिकवायला आले आणि १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी अजिंठ्यात मुक्काम करून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रती तोक्योत १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या.

तंत्राचं नातं त्याहून जवळचं. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यात काढलेली नाहीत. कोरड्या जमिनीवर, पाण्यात विरघळणाऱ्या चिकट माध्यमात कालवलेले गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी आणि निळ्यासाठी लाजवर्द असे रंग लावलेले आहेत. दगड दळायचा आणि डिंक-सरसात कालवायचा, हे निहोंगाचंही मूळ. म्हणून अजिंठ्याला आणि सेन्जूंच्या धबधब्यालाही धोका एकच: ओल. सरस ओलावा ओढतो, फुगतो, पुन्हा वाळतो, आकसतो, आणि रंगाचा पापुद्रा सुटतो.

चित्रं प्रत्यक्ष कुठे पाहता येतात?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे नागानो प्रांतातल्या कारुइझावाचं हिरोशी सेन्जू संग्रहालय. ते २०११ मध्ये उघडलं. वास्तुरचना र्यूए निशिझावा यांची. जमिनीचा मूळचा उतार त्यांनी सपाट केला नाही, त्यामुळे आतली फरशीही उतरत जाते आणि माणूस चित्रांमधून चालत खाली येतो. मध्ये काचेच्या गोलाकार विहिरींसारखी अंगणं आहेत, त्यांत झाडं. दिवसाच्या उजेडात ही चित्रं पाहायला मिळतात हे मोठं भाग्य. तोक्योहून होकुरिकू शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने तासा-सव्वातासात पोहोचता येतं. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं, तारखा बघूनच निघा.

कोयासान या पर्वतावरचा कोंगोबु-जी हा भिक्षू कूकाई यांनी स्थापलेल्या शिंगोन या बौद्ध पंथाचा मुख्य मठ. तिथल्या दोन खोल्यांच्या सरकत्या दरवाजांवर, म्हणजे 'फुसुमां'वर, सेन्जूंची ४४ चित्रफलकं आहेत, एकीत धबधबा, दुसरीत कडे. ती २०२० मध्ये अर्पण झाली. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार आणि मग बस. तिथे चित्र भिंतीवर टांगलेलं नाही, तुम्ही त्याने वेढलेल्या खोलीकडे पाहत असता. इझू द्वीपकल्पातल्या इतो इथल्या जुकोइन या झेन मंदिराच्या शाखेसाठी त्यांनी ७७ फुसुमा केल्या. क्योतोच्या मूळ जुकोइनसाठी सोळाव्या शतकात कानो एइतोकू या प्रख्यात चित्रकाराने फुसुमा रंगवल्या होत्या, तेव्हा ही जबाबदारी किती मोठी होती ते ध्यानात यावं.

नाओशिमा बेटावर 'इशिबाशी' या जुन्या घरात २००६ चा धबधबा आणि २००९ चं दुसरं काम आहे. तोक्योच्या हानेदा विमानतळावरही त्यांची कामं आहेत, कनेक्टिंग फ्लाइटमध्ये वेळ असेल तर शोधा. अमेरिकेतल्या, विशेषतः न्यूजर्सी-पेनसिल्वेनियाच्या मराठी मंडळींसाठी सोपी जागा फिलाडेल्फियाची: तिथल्या शोफुसो या जपानी घरात २००७ मध्ये त्यांनी दिलेली २० धबधबाचित्रं आहेत. तिथली आधीची, हिगाशियामा काईई यांची चित्रं, १९७४ मध्ये तोडफोडीत गेली होती.

चित्रासमोर उभं राहून नेमकं काय बघायचं?

आधी पाच-सहा मीटर मागे जा. तिथून पाणी दिसतं, आणि बऱ्याच जणांना आवाजही ऐकू आल्यासारखा वाटतो. मग दोरीपर्यंत पुढे या आणि एकच ओघळ निवडून वरून खाली वाचा. वरच्या कडेला तो रुंद आणि पांढरा असतो. हातभर खाली आला की कागदाच्या एखाद्या धाग्याला अडून त्याचे दोन होतात. त्यातला एक आणखी वीतभर जाऊन विरतो, कारण तिथे रंग संपला. दुसरा शेजारच्या ओघळाला मिळतो, आणि मिळाल्या जागी पांढरा एकदम दाट होतो. मग डोकं बाजूला झुकवा: तिरक्या उजेडात खनिजाचे कण चमचमतात. मोबाइलच्या फोटोत हे कधीच येत नाही. फोटोत राहतो फक्त काळ्यावर पांढरा पट्टा, आणि 'यात काय विशेष' असं वाटणाऱ्यांनी बहुधा फोटोच पाहिलेला असतो.

निहोंगा चित्र किंवा त्याची चांगली छापील प्रत घरी असेल तर पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हा धोक्याचा काळ. सरस म्हणजे प्रथिन, म्हणजे बुरशीचं अन्न. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका, कारण ती भिंत पाझरते. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांत बुचाचे दोन तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. काच रंगाला टेकता कामा नये. मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. ओल्या फडक्याने मूळ चित्र कधीही पुसू नका. धूळ बसली असेल तर मऊ कोरड्या कुंचल्यानेही नको, खनिज रंग हलक्या घासण्यानेही सुटतो. बुरशीचे ठिपके दिसले तर चित्र उन्हात ठेवण्याचा मोह होतो. उन्हात सरस झपाट्याने आकसतो आणि पापुद्रे उडतात. कोरड्या, हवेशीर खोलीत सावलीत आडवं ठेवा आणि कागदावरच्या चित्रांचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.